पायथॉन २.७ वरून ३ वर: एरर नाही, पण बेरीज जुळत नाही

तुमची पोस्ट वाचली आणि हे दुखणं लगेच ओळखीचं वाटलं. पायथॉन भाषेच्या २.७ आवृत्तीतला अहवालाचा प्रोग्राम टू-टू-थ्रीमधून (2to3, जुना कोड आपोआप ३ च्या रूपात बदलणारं साधन) काढला, एरर एकही नाही, तरी बेरजा थोड्या थोड्या चुकतायत आणि नोंदींचा एक अख्खा गट अहवालातून गायब. प्रिंटचे कंस वगैरे तुमचं झालेलंच आहे, त्यावर बोलत नाही. माझा अनुभव हिशेब-अहवालाच्या प्रोग्रामांपुरता आहे, वेबचं काम करणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं.

बेरजा चुकतात त्या बहुतेक भागाकारामुळे. ७ ला २ ने भागलं की २.७ मध्ये ३ यायचे, आता ३.५ येतात. टू-टू-थ्री फक्त कोडचा मजकूर वाचतो, चलात पूर्णांक येणार की अपूर्णांक हे त्याला कळूच शकत नाही, म्हणून तो भागाकाराला हात लावत नाही. दुसरा संशयित राउंड, म्हणजे संख्या जवळच्या पूर्णांकाला नेणारं फंक्शन. २.५ चे पूर्वी ३ व्हायचे, आता २ होतात, कारण बरोबर मधली संख्या जवळच्या सम संख्येकडे जाते. ३.५ चे मात्र दोन्हीकडे ४ च, त्यामुळे एखाददुसरं उदाहरण तपासून काहीच कळत नाही.

गायब गटाचं कारण मला बाइट्स, म्हणजे अक्षरांत न उलगडलेला कच्चा डेटा, वाटतं. फाइल बायनरी मोडमध्ये उघडली असेल तर हाती बाइट्स येतात आणि तुम्ही त्यांची तुलना स्ट्रिंगशी, म्हणजे मजकुराशी, करता. पायथॉन ३ मध्ये ते कधीच समान नसतात. एरर येत नाही, इफ खोटा ठरतो आणि नोंद वगळली जाते. प्रोग्राम हायफन बीबी (-bb) हा पर्याय देऊन चालवा, अशा प्रत्येक तुलनेवर तो थांबेल.

आता ज्यानं आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते. आमच्या संगणक विभागानं (नाव घेत नाही) रूपांतर झाल्याबरोबर सगळ्या यंत्रांवरून २.७ काढून टाकलं. म्हणे १ जानेवारी २०२० ला त्याचा आधार (सपोर्ट) संपला, आता ते कुठेही नको. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे. पण ही मुदत मुळात २०१५ ची होती आणि लोकांना वेळ मिळावा म्हणूनच ती पाच वर्षं वाढवली होती. आम्ही फक्त नेटवर्कपासून तोडलेलं एक यंत्र मागत होतो. उत्तर ठरलेलं: ‘प्रोग्राम चालतोय ना? मग तक्रार बंद.’ जुनं आउटपुट नव्याशी ताडून बघायला काही उरलंच नाही. चुकीचे आकडे वर गेले आणि प्रत्येक आकडा हातानं मागे शोधत जावं लागलं. ‘चालतोय’ आणि ‘बरोबर चालतोय’ यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्या हाती रूपांतराची मंजुरी असूच नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून तुमच्याकडे २.७ अजून असेल तर आधी ते जपा. शेवटची आवृत्ती २.७.१८, ती वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) ठेवा, बाहेरचं जाळं बंद. मूळ कोड तिथे हायफन ३ (-3) पर्यायानं चालवा, पूर्णांकांचा जुना भागाकार जिथे होतो तिथे तो इशारा देतो. एकाच इनपुटवर दोन्हीकडची आउटपुटं ओळीला ओळ लावून ताडा.

अजून एक. सॉर्ट करताना नन (None, म्हणजे ‘किंमतच नाही’) आणि संख्या एकत्र आल्या तर ३ मध्ये टाइप एरर येतो, २.७ मध्ये नन गुपचूप सगळ्यात आधी बसायचा. तिथे ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडून पुढे जाणारी रचना) घालून एररचं तोंड बंद करू नका, ननच्या जागी शून्यही भरू नका, सरासरी बिघडेल. नन कुठून येतोय ते शोधा.

आणि टू-टू-थ्री परत लागलं तर पायथॉनची ३.१२ किंवा त्याआधीची आवृत्ती ठेवा, ३.१३ मधून ते काढलंय. फाइल उघडण्याची ओळ आणि फाइलचं एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये साठवण्याची पद्धत) इथे टाका, गायब गटाचं कारण बहुधा तिथेच सापडेल.