ड्युओडेनल स्विचची तारीख घेण्याआधी

ताई, मिरजेच्या डॉक्टरांनी ड्युओडेनल स्विच हे वजन उतरवायचं ऑपरेशन सुचवलंय म्हणून घाबरू नका, पण नीट समजून घ्या. यात जठराचा बराच मोठा भाग कायमचा काढतात आणि उरलेल्याचा रस्ता लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला जोडतात. भूक कमी होतेच, शिवाय खाल्लेलं, विशेषतः तेल-तूप, पूर्ण अंगी लागत नाही. वजन उतरतं ते यामुळेच, आणि धोकाही इथूनच येतो.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- ताटात आधी अंडं, पनीर, मासे, मऊ उसळ, भाकरी नंतर. दिवसाला साधारण ८० ते १०० ग्रॅम प्रथिनं लागतात. भडंगाचे बकाणे भरायची सवय आत्ताच मोडा.
- ए, डी, ई, के जीवनसत्त्वं, कॅल्शियम, लोह आयुष्यभर. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडणं ही सगळ्यात मोठी चूक. हाडं झिजतात ती गुपचूप.
- घरी आल्यावर ताप, धडधड, वाढती पोटदुखी असेल तर आतला जोड गळत असू शकतो. सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

तेलकट खाल्लं की जुलाब होतील, त्याची तयारी ठेवा. डॉक्टरांना मात्र जरूर विचारा: साधी स्लीव्ह, म्हणजे आतड्याला हात न लावता फक्त जठर लहान करणं, माझ्यासाठी का पुरणार नाही?