ट्रकचं चाक निखळून पाय मोडला, आठ महिने झाले, आता क्लेम होतो का?

प्रश्न लांब होता, थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ बाईकवरून घरी येत होते, समोरून येणाऱ्या ट्रकचं मागचं चाक निखळलं, डिव्हायडर ओलांडून थेट यांच्यावर. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला, पाच महिने काम बंद. वय ३९, काम इलेक्ट्रिक फिटिंगचं. ट्रकमालक हॉस्पिटलात आला, चाळीस हजार दिले, स्टॅम्प पेपरवर "माझ्या ट्रकचं चाक निघून अपघात झाला, भरपाई दिली, आता काही तक्रार नाही" असं लिहून दोघांनी सह्या केल्या, उरलेलं बिल भरतो म्हणाला आणि आता फोन उचलत नाही. "पोलिसांत नोंद आहे, पुढे काय झालं माहीत नाही. सहा महिन्यांची मुदत संपली म्हणतात, खरं आहे का?"

अशी पत्रं मला सारखी येतात, फक्त चाकाच्या जागी कधी बाहेर आलेल्या सळया असतात, कधी ताडपत्री न बांधलेली खडी, कधी वरून पडलेलं पोतं. बाकी सगळं तेच, मालकाने गोड बोलून वेळ काढला आणि आम्ही वाट बघत बसलो.

चूक कोणाची हा प्रश्न तुम्ही दीड पान लिहिलाय, त्यावर मी वेळ घालवत नाही. धावत्या ट्रकचं चाक आपोआप निघत नाही. मालक "अचानक बिघाड झाला, आमचा काय दोष" म्हणेलच, सगळे म्हणतात. पण त्यावर सुप्रीम कोर्टाने १९७७ सालीच मिनू मेहता केसमध्ये सांगून ठेवलंय की बिघाडाचा बचाव घ्यायचा तर ते सिद्ध करायचं ओझं मालकावर, गाडीची नीट काळजी घेतली होती आणि तरीही दोष लपूनच राहिला हे त्याने दाखवायचं. व्हील नट शेवटचे कधी आवळले, बेअरिंग कधी बदललं, याचे कागद किती मालकांकडे असतात ते तुम्हीच बघा. शिवाय इथे फौजदारी केससारखा संशयातीत पुरावा लागत नाही, जास्त शक्यता कोणत्या बाजूला एवढंच बघतात.

आता मुद्द्यावर. मुदतीचं खरं आहे. मोटार वाहन कायद्यात १९९४ पासून दाव्याला मुदतच नव्हती, त्यामुळे आपल्याकडे "मॅक्टात (म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात) कधीही जा" असं डोक्यात बसलंय, काही वकिलांच्यासुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ ला, म्हणजे ज्याखाली भरपाईचा अर्ज होतो त्या कलमाला, पोटकलम ३ आलं आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज नसेल तर तो दाखल करून घ्यायचा नाही. उशीर माफ करायची सोयही त्यात लिहिलेली नाही. तुमचा अपघात त्यानंतरचा. म्हणजे चाळीस हजार घेऊन तुम्ही जे थांबलात ते नेमकं मालकाला हवं होतं तेवढंच थांबलात. रागावून उपयोग नाही पण पायात रॉड असलेल्या माणसाच्या घरातल्या एकालाही एखाद्या वकिलाला साधा फोन करावासा वाटला नाही, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

तरीही दार बंद झालेलं नाही, आणि ते ज्यामुळे उघडं आहे ते पोटकलम ३ नाही, त्याच्या खालचं पोटकलम ४ आहे. त्याकडे कोणी बघत नाही. कलम १५९ प्रमाणे तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल तयार करून न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि १६६(४) म्हणतं की तो अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजायचा. म्हणजे पोलिसांनी त्यांचं काम वेळेत केलं असेल तर तुमचा अर्ज तुमच्या नकळत सहा महिन्यांच्या आत गेलेलाच आहे! नियमांप्रमाणे पहिला रिपोर्ट ४८ तासांत आणि सविस्तर रिपोर्ट, ज्याला पोलीस ठाण्यात डीएआर म्हणतात, ९० दिवसांत जायला हवा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद केसमध्ये यावर सगळ्या राज्यांना तंबी दिलीय. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे मलाही, पण विचारल्याशिवाय कळणार नाही.

तर उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जा आणि दोनच गोष्टी विचारा. "नोंद" म्हणजे एफआयआर आहे की नुसती स्टेशन डायरीतली एंट्री, नंबर काय. आणि डीएआर कोर्टात गेला का, कोणत्या तारखेला. तोंडी उत्तर घेऊन येऊ नका, लेखी अर्ज द्या आणि त्याच्या कॉपीवर पोच घ्या. मग त्याच नंबरवरून मॅक्टात चौकशी करा.

डीएआर गेला असेल तर वकीलपत्र देऊन त्याच प्रकरणात उभे राहा, नवीन दावा टाकून घोळ करू नका. गेला नसेल तर ताबडतोब १६६ खाली अर्ज टाकायचा आणि पोलिसांनी कायद्याने बांधलेलं काम केलं नाही त्याचा भुर्दंड जखमीने का भरायचा हे त्यात स्पष्ट लिहायचं. या सहा महिन्यांच्या अटीलाच सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिलाय की निकाल लागेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका. पण तो अंतरिम आहे, शेवटी काय निकाल लागेल यावर मी पैज लावणार नाही, म्हणून या खिडकीतून आत्ता आत शिरा. अजून एक, व्याज अर्जाच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही, म्हणजे अर्ज टाकायला जितका उशीर तितके दिवस व्याजही बुडतंय, आणि आपल्या कोर्टात तारखांवर तारखा किती पडतात ते बघता व्याज ही किरकोळ रक्कम नसते.

दुसरा धोका विमा कंपनीचा. ट्रकच्या नंबरवरून एम-परिवहनवर विमा दिसतो, काढून ठेवा. कंपनी कदाचित कलम १६४ खाली अडीच लाखांची ऑफर देईल, गंभीर दुखापतीला चूक सिद्ध न करता एवढे मिळतात. ऐकायला बरं वाटतं. पण ती रक्कम कलम १४९ च्या पद्धतीने स्वीकारलीत की १६६ चा अर्ज आपोआप रद्द होतो, हे कायद्यातच लिहिलंय. एकदा फसलात, परत सही करताना आधी वकिलाला दाखवा.

रक्कम किती, हे मी इथून सांगू शकत नाही. नुसता अंदाज यावा म्हणून, समजा महिना वीस हजार कमाई सिद्ध झाली आणि कमाईची क्षमता २० टक्के गेली असं कोर्टाने धरलं तर तुमच्या वयाला गुणक १५ (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो आकडा), आणि चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र कामवाल्याला पुढच्या वाढीपोटी ४० टक्के जास्त, म्हणजे याच एका सदराखाली दहा लाख आठ हजार होतात, उपचार आणि बुडालेले पाच महिने वेगळे. यात सगळ्यात जास्त मार खातात ते अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर. पायाचं ३० टक्के म्हणजे शरीराचं ३० टक्के नव्हे, आणि शरीराचं जेवढं तेवढीच कमाई गेली असंही नव्हे. बसून काम करणाऱ्याला त्या पायाने फार फरक पडणार नाही, तुम्हाला शिडी चढता येत नसेल तर पडतो. ते डॉक्टरांच्या साक्षीतून आलं पाहिजे, नुसता कागद फाईलला लावून भागत नाही. आणि कमाईचा पुरावा शोधा, पेमेंटचे मेसेज, बँकेच्या एंट्र्या, ठेकेदाराचं पत्र, काहीही.

ट्रक बहुतेक सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून घेऊन मालकाच्या ताब्यात, सुटून दुरुस्तही झाला असेल, म्हणजे चाक जिथे बसवतात त्या हब आणि स्टडचा पुरावा गेला. आरटीओ इन्स्पेक्टरने त्याआधी तपासणी केली असेल तर तो रिपोर्ट आणि स्पॉट पंचनामा मागा.

राहिला स्टॅम्प पेपर, ज्याची तुम्हाला एवढी भीती वाटतेय. न्यायाधिकरणाबाहेर मालकाशी असं लिहून दिलं म्हणून दावाच करता येत नाही असं मला वाटत नाही, चाळीस हजार फार तर वजा होतील, पण विमा कंपनी तो कागद नाचवणार हे नक्की. उलट बघा, त्यात मालकाने स्वतः सही करून मान्य केलंय की चाक त्याच्याच ट्रकचं होतं. त्याला ते नाकारणं आता जड जाईल. ओरिजिनल तुमच्याकडे आहे का त्याच्याकडे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर लॅमिनेशन करू नका, आणि तो "जरा दाखवा" म्हणून घरी आला तर हातात देऊ नका.