‘काही दिसतच नाही’ असं पुन्हा लिहू नकोस

चि. पोरी,

तुझा मेसेज पहाटे पाचला वाचला. तिकडे अमेरिकेत, बफेलोत संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील, म्हणजे अंधार पडून दोन तास होत आले असतील. सेमिस्टर संपलं, फ्लॅटमधल्या तिघी आपापल्या नातेवाइकांकडे गेल्या, महिनाभर सुट्टी आणि खिडकीबाहेर ‘सगळं पांढरं, काही दिसतच नाही’. म्हणून तू विचारतेस, सर, गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेला, येऊ का? तिकीट एक लाख चाळीस हजार दाखवतंय.

तिकिटाचं नंतर बोलू. आधी ते ‘काही दिसतच नाही’. हेच शब्द तू आठवीत असताना नान्नजला बोलली होतीस. माळढोक अभयारण्यात सहल नेली होती. सकाळी सातला सगळ्यांना माळावर बसवलं आणि दहाव्या मिनिटाला तू उभी राहून म्हणालीस, “सर, इथं नुसतं गवत आहे, काही दिसतच नाही.” मी तुला खाली बसवलं, जरा जोरातच. तासाभरानं तूच बोट दाखवलंस. मातीच्याच रंगाचा धाविक पक्षी होता, चार पावलं पळायचा आणि थांबायचा. मग काळविटांचा कळप, मग टिटवीची अंडी. माळढोक दिसला नाही, पण परतताना एसटीत तू वहीत अकरा नावं लिहिली होतीस. माळ तोच होता, गवतही तेच होतं.

तेव्हा आधी बघ. मी तुला दुसरं काही शिकवलेलं नाही आणि आताही दुसरं काही सांगणार नाही.

तू ज्या गावात बसली आहेस, तिथं बर्फ उगाच पडत नाही. तुझ्या गावाला लागून असलेलं इरी सरोवर पंचमहासरोवरांत सगळ्यात उथळ, सरासरी खोली जेमतेम 19 मीटर. हिवाळ्याच्या तोंडाला त्याचं पाणी अजून कोमट असतं आणि त्यावरून कॅनडाकडची कोरडी गार हवा वाहत येते. ती खालून बाष्प उचलते, वर चढते आणि काठावर आल्यावर सगळं टाकून देते. तेही अरुंद पट्ट्यात. एका वस्तीत कंबरेएवढा बर्फ आणि तिथून काही मैलांवर ऊन. सरोवर गोठलं की हा पुरवठा जवळजवळ थांबतो. आपण सह्याद्रीच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत राहणारी माणसं. पाऊस कुणाच्या वाट्याला येतो आणि कुणाच्या नाही, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. तुला हे समोर चाललेलं दिसतं आहे आणि तू पडदा ओढून मोबाईल बघत बसतेस, याचा मला राग येतो. खरंच येतो.

तिकडच्याच व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावात विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. 15 जानेवारी 1885 ला, विशीही उलटली नव्हती तेव्हा, त्यानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा पहिला फोटो काढला. मग जन्मभर, गाईंचं दूध काढून उरलेल्या वेळात, असे पाच हजारांवर फोटो काढले. थंडगार शेडमध्ये काळ्या फळीवर कण झेलायचा, काडीनं काचेवर घ्यायचा, पिसानं हलकेच दाबायचा आणि श्वास रोखून धरायचा. त्याच्या काचपट्ट्यांचा मोठा संग्रह तुझ्याच शहरातल्या विज्ञान संग्रहालयात आहे. दीड वर्षात तू तिथं गेली नाहीस. मी तुला विचारलं होतं, तू ‘बघू’ म्हणालीस.

‘बघू’ नको. बघ.

तुझ्याकडे काळी ओढणी असेल. तिचा तुकडा बाहेर गॅलरीत अर्धा तास ठेव, गार होऊ दे, नाहीतर कण टेकताच विरघळतो. मग त्यावर पडलेले कण भिंगातून बघ. उणे पंधराच्या आसपास फांद्याफांद्यांचे तारे येतात, उणे पाचला सुया. म्हणजे आभाळात वर किती गारवा आहे ते तुला खाली बसून ओळखता येईल. पत्र्याचा एक सरळ डबा घे, आपल्या शाळेतल्या पर्जन्यमापकासारखा. त्यात ताजा बर्फ न दाबता काठोकाठ भर, आत आणून वितळव आणि पट्टीनं पाणी मोज. पुस्तकात दहास एक प्रमाण सांगतात, म्हणजे दहा बोटं बर्फाचं एक बोट पाणी; तुमच्याकडचा सरोवराचा बर्फ त्याहून हलका भरायला हवा. भरतो का? मला आकडा हवा आहे, रील नको.

आता तू म्हणशील, सर, तुम्हाला एवढं आहे तर तुम्ही का नाही गेलात. 1986 मध्ये उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्ससाठी माझी निवड झाली होती. पैसे साठवले होते, शाळेनं रजा दिली होती. वडिलांची गिरणी तेव्हा चालू-बंद चालू-बंद, घरात पक्का पगार माझा एकट्याचा, बहिणीचं लग्न ठरलेलं. अशा वेळी थोरल्यानं घर सोडून डोंगरात जायचं का? नाही गेलो. त्यात काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. बहिणीचं लग्न नीट झालं, कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

पण लग्न मे महिन्यात झालं आणि कोर्स ऑक्टोबरचा होता. सोबत येणाऱ्या मित्रानं ऐनवेळी नाही म्हटलं आणि मी एकटा निघालो नाही, खरं कारण एवढंच. हे मी घरीही कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी जाऊ, म्हणालो. त्यानंतर एकतीस वर्षं हिमवृष्टी शिकवली, बेचाळीस डिग्रीच्या गावात. शेजारच्या दवाखान्यातल्या फ्रीजमधला भुसभुशीत थर सुरीनं खरवडून स्टीलच्या डब्यात आणायचो, शेवटच्या बाकापर्यंत जाईस्तोवर त्याचं पाणी व्हायचं. आपल्याकडे गोळेवाल्याचाही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फच. मी हट्टानं ‘हिम’ म्हणायचो, फळ्यावर षटकोन काढायचो. नंतर गुडघे गेले.

तू नववीत विचारलं होतंस, “सर, बर्फ पडताना आवाज येतो का?” मी म्हणालो, “नाही येत, बस खाली.” मला माहीत नव्हतं. कधी ऐकलाच नव्हता तर कसं माहीत असणार?

आता तिकीट. येऊ नकोस. तुझ्या आईचा परवा फोन आला होता, तुम्ही सांगा म्हणजे ती येईल, म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की मी उलटंच सांगणार आहे. त्या नाराज झाल्या आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण नंदीध्वज तू लहानपणापासून बघत आलीस, अक्षता सोहळ्याला बापाच्या खांद्यावर बसून गेलीस, होम मैदानावरचे पाळणे तुला पाठ आहेत. संक्रांत पुढच्या वर्षीही येईल आणि सिद्धरामेश्वर रागावणार नाहीत. रिकाम्या सुट्टीतला हा अख्खा हिवाळा मात्र तुला पुन्हा मिळेलच असं नाही. पुढच्या वर्षी इंटर्नशिप, मग नोकरी, मग कुठलं गाव कोण जाणे. एकटं वाटतं, ते मला कळतं. रोज आईशी बोल आणि ‘मज्जा चाललीये’ असं खोटं सांगू नकोस. रडू आलं तर रड. पण उजेड असताना, दुपारी, तासभर बाहेर पड.

आणि बघ म्हणजे जिवाशी खेळ असं नाही. डिसेंबर 2022 मध्ये, ऐन नाताळात, तुझ्याच भागात वादळात चाळीसहून जास्त माणसं गेली, काही गाडीत अडकून, काही रस्त्यात. इशारा आला की खिडकीतून बघायचं. त्या दिवशी दाराबाहेर पाऊल नको, माझी शपथ आहे. बेंटलीसुद्धा 1931 च्या डिसेंबरात वादळातून चालत घरी आला आणि न्यूमोनियानं गेला.

आईकडे शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा दिला आहे, कुरिअरनं पाठवणार आहेत. संग्रहालय कोणत्या दिवशी बंद असतं ते आधी फोन करून विचार. डब्याचा आकडा, काळ्या कापडावर काय दिसलं त्याचं पेन्सिलनं काढलेलं चित्र आणि तारीख, वेळ, तापमान, हे सगळं वहीच्या कागदावर लिहून टपालानं पाठव. पहिल्या शांत रात्री, वारा नसेल तेव्हा, टोपी कानावरून वर कर, पाच मिनिटं उभी राहा आणि आवाज येतो की नाही तेही लिही.

तुझे सर
सोलापूर