शिकवणी लावण्याआधी मुलीचा तपासलेला पेपर मागवा

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगी इयर टेनमध्ये, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची आहे. बाकीचे विषय चांगले आहेत, पण गणितात घसरत चालली आहे. शाळेच्या परीक्षेत ग्रेड ३ मिळाली (सर्वात वरची ९, पास व्हायला ४ लागते) आणि आता शाळा तिला जीसीएसईला, म्हणजे इयर इलेव्हनच्या शेवटी होणाऱ्या बोर्डाच्या परीक्षेला, वरच्या पातळीचा हायर पेपर न देता सोपा फाउंडेशन पेपर द्यायचा म्हणते. आम्ही दोघंही इंजिनिअर. हे शिकवायला बसले की अर्ध्या तासात रडारड. सासूबाई म्हणतात पुण्याचे सर ऑनलाइन लावा, इथल्या मैत्रिणी म्हणतात इथलाच ट्यूटर हवा. काय करू?

उत्तर: सर पुण्याचे की रेडिंगचे, हे नंतर ठरवू. आधी शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना मेल करा आणि तिचा तपासलेला पेपर मागा. कोणत्या प्रश्नाला किती गुण मिळाले याचा तक्ता बऱ्याच शाळांकडे तयार असतो, तोही मागा. मग पेपर घेऊन तिच्या शेजारी बसा. कुठलं गणित तिने सोडूनच दिलं, कुठलं सुरू करून मध्येच अडकली आणि कुठे घाईत चुकली, एवढंच पाहा. शिकवायला जाऊ नका.

माझा अंदाज असा की गळती बीजगणितात दिसत असली तरी भोक खूप मागे असेल. इयर टेनमध्ये समीकरणं सुटत नाहीत, कारण इयर सिक्समध्ये अपूर्णांक पक्के झाले नाहीत. १/३ आणि १/४ ची बेरीज २/७ लिहिणाऱ्या मुलीला कितीही समीकरणं सोडवायला दिली तरी उपयोग नाही. अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर आणि शेकडेवारी ही चार ठिकाणं नीट तपासा. शाळेत पुढच्या पाठाचा रेटा असतो, मागे जायला वेळ नसतो. शिकवणी लावायची ती या मागे जाण्यासाठी. जो शिक्षक शाळेचा आजचा होमवर्क करून देतो, तो फी घेऊन होमवर्कच करून देतो.

चांगला शिक्षक पहिल्या तासालाच ओळखू येतो. एक गणित घ्या: २० टक्के सूट मिळून बूट ४८ पौंडांना पडले, तर मूळ किंमत किती? पुष्कळ मुलं ४८ चे २० टक्के काढून त्यात मिळवतात आणि ५७ पौंड ६० पेन्स लिहितात. एक शिक्षक सांगेल, "०.८ ने भाग, उत्तर ६०, पुढचं घे." दुसरा विचारेल, "२० टक्के कशाचे होते? मग हे ४८ मूळ किंमतीच्या किती टक्के झाले?" आणि ती ८० म्हणेपर्यंत थांबेल. तुम्हाला हा दुसरा हवा. चाचणी तासाला खोलीच्या एका कोपऱ्यात बसा आणि पेन बहुतेक वेळ कोणाच्या हातात आहे ते पाहा. शिक्षकच सारखा लिहीत असेल तर मुलगी फक्त बघते आहे. आणि "दोन ग्रेड वाढवून देतो" अशी हमी देणारा असेल, तर त्याने अजून तिचा पेपरही पाहिलेला नाही हे लक्षात घ्या.

आता पुण्याचे सर. सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. तिकडे मनापासून, संयमाने शिकवणारी माणसं आहेत आणि फी परवडते. पण इथे संध्याकाळचे सहा म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. रोज दमलेल्या सरांकडून शिकण्यापेक्षा शनिवार-रविवार सकाळ धरा. शिवाय त्यांनी तिच्या बोर्डाचे जुने पेपर सोडवलेले हवेत. एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर वगैरेंपैकी शाळा कोणतं बोर्ड घेते ते विचारून घ्या. पेपर आणि गुणदानाचे तक्ते बोर्डांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. तीन पेपर, प्रत्येकी दीड तासाचे, आणि त्यांतला एक कॅल्क्युलेटरशिवाय. इथे उत्तर चुकलं तरी योग्य रीतीला गुण मिळतात, म्हणून मनातल्या मनात झटकन उत्तर काढायची आपली सवय तिला महाग पडते. पायऱ्या लिहून घेणारा शिक्षक हवा. आणि आपल्याकडे "थ्री इंटू ट्वेल्व्ह" म्हणजे गुणाकार, इथल्या शाळेत तो भागाकार, हे सरांना आधीच सांगून ठेवा.

इथला ट्यूटर घेतलात तर डीबीएस तपासणीचा (गुन्हेगारी नोंदी तपासल्याचा) दाखला आणि निदान दोन पालकांचे संदर्भ मागायला संकोच करू नका. तास दिवाणखान्यात, दार उघडं ठेवून. ऑनलाइन असला तरी घरात मोठं माणूस हवं. आधी सहा-आठ आठवड्यांचं ठरवा, वर्षाची फी एकदम भरू नका. मैत्रिणीची मुलगी त्याच अडचणीत असेल तर दोघींना एकत्र बसवा. खर्च निम्मा होतो आणि दुसरीलाही हेच येत नाही म्हटल्यावर लाज कमी होते.

ही लाज मला सगळ्यात काळजीची वाटते. दोन इंजिनिअरांच्या घरात "मला येत नाही" म्हणणं त्या मुलीला किती जड जात असेल! तिच्या बाबांना काही दिवस गणितातून सुट्टी द्या. त्यांचं शिकवणं वाईट आहे म्हणून नव्हे, तर चुकल्यावर बाबांचा चेहरा बघावा लागतो म्हणून ती रडते. व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांसमोर ग्रेडचा विषय नको, पुण्यातल्या चुलत भावाच्या मार्कांचा तर नकोच. घड्याळ वाचणं, सुट्टे पैसे मोजणं, डावं-उजवं यांतही ती लहानपणापासून अडत आली असेल, तर शाळेच्या सेन्कोला, म्हणजे विशेष मदत लागणाऱ्या मुलांची जबाबदारी असलेल्या शिक्षकांना, भेटून डिस्कॅल्क्युलियाबद्दल (आकड्यांचं आकलनच अवघड जाण्याबद्दल) विचारा. तसं काही असेल तर साध्या शिकवणीने भागणार नाही.

राहिला फाउंडेशनचा प्रश्न. त्यात ५ च्या वर ग्रेड मिळत नाही, आणि जीसीएसईनंतरच्या दोन वर्षांच्या ए-लेव्हलला गणित घ्यायचं तर बहुतेक ठिकाणी निदान ६ किंवा ७ मागतात. तिला पुढे गणित लागणार असेल तर हायरसाठी झगडणं योग्य. नसेल तर फाउंडेशनमध्ये पक्की ५ मिळवणं हायरमध्ये गटांगळ्या खाण्यापेक्षा कितीतरी बरं. ४ सुद्धा हुकली तर वयाच्या सोळाव्या वर्षानंतरही गणित चालू ठेवावं लागतं. आत्ता इयर टेन आहे, निर्णयाला वेळ आहे. शाळेला विचारा की इयर इलेव्हनच्या पहिल्या मॉकपर्यंत (सराव परीक्षेपर्यंत) थांबाल का. त्या बोलण्याला मुलीलाही घेऊन जा आणि तिचं म्हणणं आधी ऐका.