घरगुती लग्न, बायकोचा पुनर्विवाह आणि कॅनडाची स्पाउस फाइल

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: तुम्ही कॅनडात ब्रॅम्प्टनला, पीआर म्हणजे कायमचे रहिवासी होऊन काही वर्षं झाली. बायको साताऱ्याची, तिचा हा पुनर्विवाह, तुमचं पहिलं लग्न. स्थळ मामांनी आणलं. डिसेंबरात देवळात, घरच्या मंडळींत लग्न लागलं आणि महिनाभरात तुम्हाला नोकरीसाठी परतावं लागलं. ती कराडला तुमच्या आईवडिलांकडे आहे. एकत्र भाडेकरार नाही, जॉइंट अकाउंट नाही, हॉल-बँड-वरातीचे फोटो नाहीत. तिला बायको म्हणून कॅनडात कायमचं आणायचा स्पॉन्सरशिपचा अर्ज, म्हणजे स्पाउस फाइल, भरायचाय. आणि आता एजंट म्हणतोय की एवढ्यावर अर्ज नाकारला जाईल, मोठं रिसेप्शन करून फोटो काढून घ्या.

रिसेप्शन करू नका. आजीला हौस असेल, गावाला जेवण घालायचं असेल तर जरूर करा, पण फाइलसाठी करू नका. लग्नानंतर इतक्या महिन्यांनी, अर्ज भरण्याच्या तोंडावर घेतलेला हॉल बघून इमिग्रेशन ऑफिसरला पहिली शंका येते ती ‘आत्ताच का?’ अशी. तुमच्या हातात जे आहे ते भरपूर आहे, फक्त ते मांडलेलं नाही.

आधी कायदा काय विचारतो ते बघा, म्हणजे कुठला कागद कशासाठी हे कळेल. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतलं कलम ४(१) दोन गोष्टी तपासतं. लग्न मुख्यतः कॅनडातला दर्जा मिळवण्यासाठी केलं का, ही पहिली. लग्न खरं आहे का, ही दुसरी. पूर्वी अर्ज फेटाळायला दोन्ही दोष आढळावे लागत. ३० सप्टेंबर २०१० पासून दोन्हींपैकी एकही पुरतो. पहिला प्रश्न लग्नाच्या वेळच्या हेतूचा, दुसरा आजच्या संसाराचा. त्यामुळे लग्नाआधीचं, लग्नातलं आणि लग्नानंतरचं असं तिन्ही काळांतलं काही ना काही फाइलमध्ये हवं. बहुतेक जण मधलाच काळ खच्चून भरतात आणि दोन्ही टोकं रिकामी सोडतात. आणि हे सगळं सिद्ध करायची जबाबदारी तुमची आहे. ऑफिसरला काही खोटं ठरवून दाखवावं लागत नाही.

आता तुमच्या फाइलचा खरा अवघड भाग. भारतातले अर्ज बघणाऱ्यांना ठरवून केलेलं लग्न नवीन नाही. दोन-तीन भेटींत होकार झाला, यात त्यांना वावगं वाटत नाही. डोळ्यात येतं ते त्या समाजाच्या रीतीपेक्षा वेगळं दिसणारं काहीही. अविवाहित मुलाने घटस्फोटित मुलगी केली, लग्नाला मोजकी माणसं, नवरा लगेच परत गेला. तुमच्याकडे तिन्ही आहेत. आपल्याकडच्या कुणाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. पुनर्विवाह म्हटल्यावर तिच्या वडिलांनी ‘गाजावाजा नको’ म्हणणं, याद्या घरीच होणं, लग्न देवळात लागणं, यात आपल्याला काय नवल? पण ऑफिसरला ते कारण आपणहून कळणार नाही. ते तुम्हीच लिहायचं, त्याने विचारायच्या आत.

म्हणजे काय लिहायचं? तिच्या पहिल्या लग्नाबद्दल तुम्हाला कधी आणि कुणाकडून कळलं. तुमच्या आईवडिलांची पहिली प्रतिक्रिया काय होती. आई सुरुवातीला नाही म्हणत होती, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय; ती कशाने तयार झाली, तिच्याशी कोण बोललं, तुम्ही स्वतः काय बघून ठाम राहिलात. लोक नेमका हाच भाग गाळतात, घरातली कुरबुर परदेशी सरकारला कशाला सांगायची म्हणून. माझ्या मते तुमच्या फाइलमधला हा सगळ्यात मजबूत परिच्छेद आहे. व्हिसासाठी जमवलेल्या लग्नात कुणी कुणाच्या आईची समजूत घालत बसत नाही. संकोच सोडून लिहा, पण लिहिण्याआधी बायकोला विचारा. तिच्या आयुष्यातली गोष्ट आहे, आणि तिच्या उत्तरांतही तीच यायला हवी.

हे सगळं आयएमएम ५५३२ या, नात्याची माहिती विचारणाऱ्या फॉर्मभोवती फिरतं. ओळख कशी झाली, कुणी करून दिली, पहिल्यांदा प्रत्यक्ष कधी भेटलात, समारंभ कुठला झाला, कोण हजर होतं, आधीची लग्नं, सगळं त्यात येतं. जागा कमी पडते, म्हणून स्वतंत्र कागदावर सलग हकीकत तारखांसह जोडा. दोघांनी आपापला भाग आपापल्या शब्दांत लिहा. एजंटच्या पेनड्राइव्हवरून आलेली ‘एकमेकांना पाहताक्षणी मनं जुळली’ छापाची वाक्यं ऑफिसरने असंख्य वेळा वाचलेली असतात. तिला इंग्रजीत अवघड जात असेल तर मराठीत लिहू द्या आणि भाषांतर जोडा. भाषांतर घरच्या कुणी केलेलं चालत नाही. भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रत सोबत हवी.

लग्नाआधीचा पुरावा तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त निघेल. मामांनी पाठवलेला बायोडेटा आणि तो कधी आला ते दाखवणारा मेसेज. तुमचा बायोडेटा तिकडे गेला तो मेसेज. पहिला व्हिडिओ कॉल. बस्त्याचं बिल, मंगळसूत्राची सोनाराची पावती, देवस्थानात भरलेल्या पैशांची पावती. कंपनीत लग्नासाठी रजा मागितली तो ईमेल आणि मॅनेजरचं उत्तर, हा तर फार बोलका कागद आहे. केळवणं झाली असतील तर त्यांचे फोटो नक्की शोधा. लग्न लहान होतं, पण आत्या, मावशी, शेजारी अशा चार घरी पाटावर बसून जेवलात, तर नातेवाइकांनी हे लग्न मनापासून स्वीकारलं होतं हे त्यातून थेट दिसतं.

लग्नाचा मुख्य कागद म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, आपल्याकडचं नमुना ‘ई’. तो आहे म्हणालात, उत्तम. पण तिच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि त्यावरची तारीख आजच तपासा. हिंदू विवाह कायद्यात हुकूमनाम्यावर अपिलासाठी ९० दिवस असतात. तुमच्या लग्नाची तारीख त्या मुदतीच्या आत पडत असेल तर अर्ज भरायच्या आधी वकिलाकडून लेखी मत घ्या. लग्न कायदेशीर आहे का, हा प्रश्न खरंखोटंच्याही आधी येतो.

लग्नानंतरचा काळ हा तुमच्या फाइलचा कणा आहे, आणि तुम्ही म्हणता तिथे काहीच नाही. कसं नाही? ती सासरी राहतेय. नवरा परदेशात असताना मुलगी सासू-सासऱ्यांबरोबर राहते, याहून घट्ट पुरावा कुठला? आधारवर कराडचा पत्ता झालाय का, बँकेत, रेशनकार्डावर? झाला असेल तर प्रती जोडा. लग्नानंतर जेजुरीला गेला होतात, तिला उचलून पायऱ्या चढल्याचा फोटो आहे, असंही तुम्ही लिहिलंय. तो घ्याच. मात्र खाली ओळ हवी की नव्या नवऱ्याने बायकोला उचलून काही पायऱ्या चढायची तिथे रीत आहे, नाहीतर ऑफिसरला ती सहलीतली मस्ती वाटेल.

फोटोंची खरी ताकद त्यांच्या खालच्या मजकुरात असते. संक्रांतीचा जो फोटो आईने पाठवला म्हणालात, त्याखाली असं लिहा: ‘१४ जानेवारी, कराड. लग्नानंतरची पहिली संक्रांत. मध्ये माझी पत्नी, अंगावर हलव्याचे दागिने. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला सासरी हे दागिने घालतात. डावीकडे माझी आई, उजवीकडे काकू. काकूंच्या हातातल्या फोनवर मी, ब्रॅम्प्टनहून.’ असा एक फोटो स्टेजवरच्या शंभर फोटोंना भारी पडतो. अर्जाच्या कागदपत्रांच्या चेकलिस्टमध्ये फोटोंना वीसची मर्यादा आहे, त्यामुळे मांडवातले चार-पाच बस झाले. बाकीचे वेगवेगळ्या महिन्यांतले, वेगवेगळ्या माणसांसोबतचे निवडा.

चॅटलाही दहा पानांची मर्यादा आहे. लोक शोधून शोधून ‘मिस यू’ची पानं काढतात. त्याऐवजी दर महिन्यातलं एखादं पान घ्या, आणि ते साध्या दिवसाचं असू द्या. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख, गॅस बुकिंग, ‘डबा नेलास का’, इथल्या बर्फाचा फोटो, एखादं भांडण आणि दुसऱ्या दिवशीचा अबोला. आपलं मराठी इंग्रजी अक्षरांत असतं, तरी ते मराठीच, तेव्हा भाषांतर लागणार. सोबत कॉलची यादी जोडलीत की संपर्कात खंड नाही हे दिसतं.

पैशांबद्दल. परदेशात बसून जॉइंट अकाउंट नाही म्हणून घाबरू नका, पण आता उघडायला हरकत नाही. एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांचं खातं) भारतात राहणाऱ्या पत्नीचं नाव लावता येतं. अर्थात अर्जाच्या आदल्या आठवड्यात उघडलेल्या, हजार रुपये शिल्लक असलेल्या खात्याला वजन नसतं. वापरायचं असेल तरच उघडा. त्यापेक्षा दर महिन्याला तिच्या खात्यात जाणारी रक्कम, मग ती छोटी का असेना, जास्त बोलते. कंपनीच्या विम्यात आणि टीएफएसए, आरआरएसपी या तुमच्या तिथल्या बचत खात्यांत लाभार्थी म्हणून तिचं नाव घाला, कारण ती आता तुमची बायको आहे. अजून केलं नसेल तर या आठवड्यात करा.

आणि कृपा करून सीआरए, म्हणजे कॅनडाचं करखातं, विसरू नका. वैवाहिक स्थिती बदलली की पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत कळवायची असते. टॅक्स रिटर्नमध्ये ‘सिंगल’ आणि स्पॉन्सरशिपमध्ये ‘मॅरिड’, ही विसंगती किती फायलींत सापडते! रिटर्न तसा गेला असेल तर दुरुस्ती करा, तुमच्या खात्यातून ऑनलाइन होते. तसंच तिने पूर्वी कुठल्याही देशाचा व्हिसा मागितला असेल आणि नाकारला गेला असेल, तर तो फॉर्ममध्ये आलाच पाहिजे. नकाराने बिघडत नाही, लपवण्याने बिघडतं. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षांची बंदी लागते.

पत्रं मामांकडून आणि तुमच्या आईकडून घ्या. मामांनी लिहावं की हे स्थळ त्यांनाच का सुचलं. आईने लिहावं की ती आधी का अडली आणि आता सुनेबरोबर दिवस कसा जातो. चार पत्रांत एकच मायना आणि एकच शब्द असतील तर ती न जोडलेली बरी. सोबत ओळखपत्राची प्रत लावा.

एजंटचं म्हणाल तर त्याचं नाव सीआयसीसीच्या (इमिग्रेशन सल्लागारांना परवाना देणारी कॅनडातली संस्था) सार्वजनिक नोंदवहीत आहे का ते बघा. पैसे घेऊन सल्ला द्यायला परवाना लागतो. परवाना नसेल तर तिथेच थांबा. फोटोंसाठी रिसेप्शन सुचवणाऱ्याच्या हातात माझी फाइल तरी मी देणार नाही.

पैसे आणि रजा असेल तर सगळ्यात चांगला खर्च म्हणजे अर्ज चालू असताना पुन्हा कराडला जाणं. दिवाळसण साताऱ्याला, तिच्या माहेरी करा. पण लक्षात ठेवा, तुम्ही पीआर आहात, नागरिक नाही. स्पॉन्सर करताना तुमचं वास्तव्य कॅनडातच असावं लागतं. भेटून या, महिनोन्‌महिने मुक्काम टाकू नका. तिचा व्हिजिटर व्हिसाही मागता येतो. पुढे कायमचं राहायचा विचार आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही, मात्र मुदत संपल्यावर परत जाईल हे पटवावं लागतं.

ती भारतात असल्यामुळे तुमचा अर्ज फॅमिली क्लास या वर्गात जातो, आणि त्यात अपिलाचा हक्क आहे. कॅनडातच राहणाऱ्या जोडीदारांसाठीच्या वर्गात केलेल्या अर्जाला तो नसतो. शंका आली तर आधी बहुधा पत्र येतं. त्यातल्या एकेका मुद्द्याला मुदतीत कागदानिशी उत्तर द्या. एवढं करूनही नकार आलाच, तर कारणं हाती पडल्यापासून ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजन या लवादाकडे जायचं, तिथे नवीन पुरावाही देता येतो. दरम्यान तिच्या संमतीने पाच डॉलर भरून ऑफिसरच्या नोंदी मागवा, म्हणजे नेमकं कुठे अडलं ते कळेल. अपील डिव्हिजनने आपल्याच २००५च्या चावेझ निकालात काय काय बघायचं ते सांगितलंय: एकत्र घालवलेला काळ, लग्नानंतरचं वागणं, एकमेकांच्या घरच्यांची आणि रोजच्या जगण्याची माहिती, संपर्क, आर्थिक आधार. वर सांगितलेलं बहुतेक यातच बसतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तिने नाव बदलावं का. अर्जासाठी त्याची गरज नाही. माहेरचं नाव ठेवलं म्हणून कुणी लग्नावर शंका घेत नाही. तिला बदलायचंच असेल तर आधी गॅझेट, मग आधार, पॅन, पासपोर्ट हे सगळं उरकून मगच फॉर्म भरा, आणि पोलीस क्लिअरन्सही त्याच नावाने काढा. अर्ज मध्यावर असताना नाव बदललं की प्रत्येक कागदाला जोडपत्र लागतं, आणि महिने त्यातच जातात. हुकूमनाम्याची तारीख बघून इथेच कळवा, मग हकीकतीचा मसुदा बघू.