जुळ्या बाळांची भीती

प्रश्न : मेरी स्लेसर या स्कॉटिश मिशनरी बाईंनी पश्चिम आफ्रिकेतील कालाबार भागात जुळ्या मुलांची हत्या बंद पाडली, असे वाचनात आले. परक्या मुलखात एकट्या स्त्रीला हे कसे साधले?

उत्तर : सगळे श्रेय त्यांच्या एकट्याच्या पदरात टाकणे बरोबर होणार नाही. स्लेसर १८७६ मध्ये कालाबारला, म्हणजे आजच्या नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, पोहोचल्या तेव्हा मिशनचे काम तेथे तीस वर्षे चालू होते आणि १८७८ मध्ये ब्रिटिश कॉन्सल (ब्रिटिश सरकारचा तेथील प्रतिनिधी) व किनाऱ्यावरच्या एफिक जमातीचे प्रमुख यांच्यातील कराराने या हत्येला बंदीही घातली गेली. अडचण अशी, की किनाऱ्यावरच्या कराराला आतल्या रानातील गावे जुमानत नव्हती. जुळ्यांपैकी एकाचा बाप दुष्ट आत्मा असतो, आणि तो कोणत्या बाळाचा हे ओळखता येत नाही, अशी तेथील समजूत होती. म्हणून दोन्ही बाळांना मातीच्या मडक्यात घालून रानात टाकीत आणि आईला गावाबाहेर घालवून देत.

स्लेसर अशी बाळे उचलून स्वतःच्या घरी आणीत. कोणाचेही वाईट न होता ती मुले वाढताना लोकांच्या डोळ्यांसमोर दिसत राहणे, हे माझ्या मते कोणत्याही प्रवचनापेक्षा प्रभावी ठरले. जेनी नावाची अशीच एक मुलगी त्यांनी दत्तक घेतली आणि रजेवर मायदेशी जाताना तिलाही सोबत नेले.

दुसरे बळ भाषेचे. अकराव्या वर्षापासून स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या गिरणीत राबलेल्या या बाईंनी एफिक भाषा उत्तम आत्मसात केली, १८८८ पासून ओकोयोंग लोकांत मातीच्या घरात, अनवाणी राहून त्यांचेच अन्न खाल्ले आणि त्यांचे तंटे सोडवले. म्हणूनच १८९२ मध्ये सरकारने त्यांना तेथील उपकॉन्सल नेमून न्यायदानाचे काम सोपवले. (एका सहकाऱ्याशी त्यांचा विवाह ठरला होता, पण प्रकृतीच्या कारणास्तव त्याला ओकोयोंगला पाठवण्यास मिशनने नकार दिला, आणि स्लेसर काही ते ठिकाण सोडीनात.)

बाळांपेक्षा त्यांच्या आयांचा प्रश्न चिवट होता, कारण जीव वाचला तरी घर परत मिळत नसे. उत्तरायुष्यात स्लेसर यांनी ऊसे या गावी अशा निराश्रित स्त्रियांसाठी राहण्याची सोय उभी केली. तेथेच १३ जानेवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.