बालगृहांची तपासणी: कागदावर आणि प्रत्यक्षात

प्रश्न: बालगृहांतील मुलांच्या आरोग्यावर आणि त्यांच्यावरील अत्याचारांवर शासन लक्ष कसे ठेवते?

उत्तर: बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५४ नुसार तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यावी लागते, समितीत किमान तीन सदस्य असावे लागतात आणि त्यांपैकी एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असणे बंधनकारक आहे. मात्र नोंदवह्या चोख असल्या म्हणजे मुले सुरक्षित असतातच असे नाही. बिहारमधील मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातील लैंगिक अत्याचार २०१८ मध्ये उघड झाले, ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे, म्हणजे संस्थेचे कामकाज प्रत्यक्ष पाहून व तिथे राहणाऱ्यांशी बोलून केलेल्या पाहणीमुळे. म्हणूनच, कर्मचाऱ्यांना दूर ठेवून मुलांशी स्वतंत्रपणे बोलणे हाच तपासणीचा गाभा असावा, असे आम्हांला वाटते. अत्याचाराचा संशय आल्यास १०९८ या बालमदत दूरध्वनी क्रमांकावर कळवावे.